ते वाक्य माझं नाही

जालन्याला आमच्या शाळेच्या नव्या इमारतीत, जिन्यालगतच्या भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटने एक इंग्रजी वाक्य रंगवलेलं आहे. त्याखाली त्याचं मराठी, आणि मराठीखाली माझं नाव. गेल्या वर्षी माझा सत्कार झाला तेव्हा ते रंगवून घेतलं. वाक्य असं आहे: लेव्हीचे अधिकारी निःपक्षपाती आहेत; त्यांनी विधवेची ज्वारी नेली आणि आंधळ्याचीही नेली.

ते वाक्य माझं नाही.

हे मी सत्काराच्या दिवशी व्यासपीठावरच सांगायला हवं होतं. त्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी माइक हातात धरून अशी गोष्ट सांगितली की निजामाच्या राजवटीत, उर्दू शाळेत, जुलमी साहेबाच्या तोंडावर या निधड्या छातीच्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याकडून हे वाक्य म्हणवून घेतलं आणि इंग्रजी शब्दांचं हत्यार केलं. टाळ्या पडल्या. माझ्या गळ्यात हार होता, खांद्यावर शाल होती, आणि समोर माझे जुने विद्यार्थी धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मात्र मुख्याध्यापकांकडे गेलो आणि म्हणालो, पाहुणे बोलले ते सगळं उलटं आहे, भिंतीवरून माझं नाव काढा. ते हसले आणि म्हणाले, "सर, हा तुमचा विनय." मग सत्कार समितीच्या चिटणिसांकडे गेलो. तेही तेच म्हणाले. माझ्या वयाचा माणूस एकदा खरं बोलला की लोक त्याला विनय म्हणतात, आणि दुसऱ्यांदा बोलला की म्हातारचळ. तिसऱ्यांदा बोलायला मला हा दिवाळी अंक मिळाला आहे. संपादकांनी 'जुन्या काळी इंग्रजी कसं शिकवत' यावर काहीतरी हलकंफुलकं मागितलं होतं. जमेल तेवढं हलकं लिहितो.

आधी आमचा धंदा काय होता ते सांगतो, कारण आजच्या वाचकाला त्याची कल्पना येणार नाही.

तेव्हा सरकारी शाळांत सगळे विषय उर्दूतून. गणित उर्दूतून, इतिहास उर्दूतून, आणि इंग्रजी हा विषयही उर्दूतूनच शिकवायचा. शाळेला सुट्टी शुक्रवारी. आम्ही मास्तर लोक काळी शेरवानी घालून जायचो. मुलांपैकी निम्मीअधिक घरात मराठी बोलणारी, कुणब्यांची, व्यापाऱ्यांची, कुलकर्ण्या-जोशांची. आता एखादा शब्द घ्या, इम्पार्शल, म्हणजे निःपक्षपाती. पुस्तकाच्या शेवटी त्याचा अर्थ दिलेला असे: गैरजानिबदार. अंबडकडचा कुणब्याचा मुलगा इम्पार्शलचा अर्थ बघायला जातो आणि त्याला गैरजानिबदार भेटतो. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात अडकलेली. बिचारा दोन्ही शब्द पाठ करायचा. परीक्षेत इम्पार्शल विचारलं की गैरजानिबदार लिहायचा, पूर्ण गुण मिळवायचा, आणि मरेपर्यंत दोन्हींचा अर्थ त्याला ठाऊक नसायचा. असे मॅट्रिक झालेले, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांतले काही सत्काराला आले होते.

वर परीक्षकांना वजनदार शब्दांचा शौक. निबंधात साधं 'मोठं' लिहिलं तर गुण कमी, त्याच जागी चार हात लांब शब्द घातला तर जास्त. त्यामुळे जालन्यात इंग्रजी शब्दांना बाजारभाव आला होता. एक रुईचे व्यापारी होते, त्यांची कापसाची जिनिंग गिरणी होती. ते मला घरी बोलावून म्हणाले, "मास्तर, पोराला रोज थोडे शब्द द्या. पर हलका माल नको." मी मुलाला 'ॲम्पल', म्हणजे भरपूर, शिकवला. दुसऱ्या दिवशी शेठजींनी तो परत केला. म्हणाले, हा लहान दिसतो. मग मी 'इन्कॉम्प्रिहेन्सिबल' दिला, म्हणजे न समजणारा. तो ऐकून शेठजी इतके खूश झाले की मला रुमालात बांधून काजू दिले. त्याचा अर्थ त्यांनी शेवटपर्यंत विचारला नाही. तेव्हा मी घरी जाऊन हसलो होतो. आज हसू येत नाही, कारण आज सगळा महाराष्ट्र त्या शेठजींच्या वाटेने चालला आहे. माझ्या नातवाच्या दप्तरात 'कठीण शब्दांचा खजिना' नावाचं पुस्तक आहे. मी त्याला त्यातला एक शब्द विचारला. त्याने अर्थ घडाघडा म्हटला. म्हटलं, हा शब्द तू कुठे वापरशील? तो म्हणाला, पेपरात.

मी तरुण होतो तेव्हा याच गोष्टीचा मला संताप आला, आणि त्या संतापातून माझी रीत निघाली. तिचं कौतुक पाहुण्यांनी केलं ते मात्र खरं आहे, म्हणून तेवढं माझ्या नावावर ठेवतो.

रीत अशी की नवा शब्द फळ्यावर लिहिला की त्याचा अर्थ मी सांगत नसे. त्याच्याभोवती चार-पाच वाक्यं सांगायचो, मुलं अंदाजाने अर्थ गाठायची. मग तो शब्द गावी न्यायचा. गुरुवारी दुपारी शाळा सुटली की जवळपासची मुलं गावी जायची, शनिवारी सकाळी परत यायची. शनिवारी प्रत्येकाने त्या शब्दाचं एक वाक्य आणायचं. नियम एकच होता. वाक्यातली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. ऐकलेली चालणार नाही, पुस्तकातली तर बिलकुल नाही. मुलं त्याला 'गावचं वाक्य' म्हणायची. सगळा वर्ग मग त्या वाक्याची परीक्षा घेई, खोटं वाटलं तर उलटतपासणी करी. माझा शनिवारचा तास म्हणजे कचेरीच भरायची.

काय वाक्यं यायची! 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश, दिला तर एकाने आणलं, कुंडलिका नदीचं पाणी पोटाला लागलं की आमचा डावा बैल रिलक्टंट होतो, उजवा होत नाही. 'पंक्च्युअल' दिला तर बदनापूरचा मुलगा म्हणाला, आमच्या स्टेशनवर एकच गाडी पंक्च्युअल येते, माझे मामा चुकवतात ती. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा. पुस्तकात त्याच्यासाठी बादशहांची उदाहरणं होती. वडीगोद्रीच्या एकाने सांगितलं, आमची म्हैस मॅग्नॅनिमस आहे, ती दुसरीच्या रेडकालाही पाजते. वर्ग हसला. मी म्हणालो, हसू नका, या शब्दाला आजपर्यंत इतकं चोख काम कोणी दिलं नव्हतं. ज्या मुलाने म्हशीसाठी मॅग्नॅनिमस वापरला तो हा शब्द जन्मात विसरणार नाही. त्याला गैरजानिबदारची गरज नव्हती.

माझा निकाल चांगला लागायचा. आणि मी, खरं लिहायचं तर, फुगलो होतो. दुसऱ्या शाळांचे मास्तर येऊन तास बघून जायचे. मी प्रत्येक शनिवारी नवं चमकदार वाक्य हेरून ठेवायचो आणि ते दुसऱ्या तुकडीत म्हणून दाखवायचो. शिंप्याला कापडाचा पोत दिसतो, अंगात घालणारा दिसत नाही, तसं माझं होत चाललं होतं.

आता दत्तूविषयी.

दत्तू जाफराबादकडच्या टेंभुर्णीचा. बापाची शेती बऱ्यापैकी, घरात खाण्यापिण्याची ददात नाही. जालन्यात तो एक खोली घेऊन राहायचा, हाताने भाकरी थापायचा. मॅट्रिकच्या वर्गात होता, मिसरूड फुटलेलं, अंगाने दणकट, बोलायला सावकाश. टेंभुर्णी लांब, त्यामुळे दर आठवड्याला जाणं जमायचं नाही. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माल घेऊन गावच्या गाड्या आल्या की परतीच्या गाडीत बसून महिना-दोन महिन्यांनी जायचा. त्यामुळे त्याची वाक्यं उशिरा यायची, पण येत ती पिकलेली. वर्गात त्याच्या वाक्याची उलटतपासणी कोणी करत नसे. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मॅट्रिक झाला असता तर तो त्या गावचा पहिला मॅट्रिक झाला असता, आणि त्याच्या बापाने ते आधीच गावभर सांगून ठेवलं होतं.

ती लेव्हीची वर्षं होती. दुसरी मोठी लढाई चालली होती, धान्याची टंचाई होती, आणि सरकारने प्रत्येक शेतकऱ्यावर ठरावीक धान्य बसवलं होतं. ते सरकारी भावाने सरकारला घालायचं. ज्याचं पिकलं त्यानेही घालायचं, ज्याचं नाही पिकलं त्यानेही. गावागावात सरकारी माणसं गाड्या घेऊन जायची, घरात शिरून धान्याच्या कणग्या मोजायची. बियाण्याला ठेवलेलंही उचलायची.

इम्पार्शल हा शब्द मी दिलेला होता. दत्तू गावाहून आला आणि शनिवारी उभा राहून त्याने वाक्य सांगितलं. भिंतीवर आहे तेच. फक्त त्यात एक 'अँड' जादा होता. तो मी काढला आणि तिथे अर्धविराम घातला. वर्ग हसला नाही. मी हसलो. मी म्हणालो, शाबास दत्तू, टोमणा इंग्रजीत मारायला जमलं म्हणजे इंग्रजी आलं. दुसऱ्या तुकडीत मी ते वाक्य नमुन्यादाखल म्हणून दाखवलं. अर्धविराम कसा दम देतो ते समजावून सांगितलं. दत्तू खाली बसला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता हे मला आठवत नाही, कारण मी बघितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तपासणी आली. तपासणीला मोहतमीम तालीमात येत, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. त्यांच्या आधी आठवडाभर चुना लागायचा, तक्त्या पुसल्या जायच्या, आणि प्रत्येक मास्तर 'तपासणीची वाक्यं' तयार करायचा. हे कोणी लपवत नसे, ती रीतच होती. कोणत्या मुलाने कोणतं वाक्य म्हणायचं ते आधी ठरायचं. गावची वाक्यं तपासणीला नाही, हे मी मुलांना बजावलं. म्हशीची मोठ्या मनाची गोष्ट साहेबांना कशी सांगायची? दत्तूला मी दिलं: सूर्य इम्पार्शल आहे, तो महालावर उगवतो आणि झोपडीवरही.

साहेब आले. हैदराबादचे, उतारवयाचे, किडकिडीत, अंगावर जुनी पण स्वच्छ शेरवानी. पाहुण्यांच्या भाषणातला जुलमी साहेब तो हा. त्यांच्याबरोबर तहसीलदार होते, कारण साहेबांच्या उतरण्या-जेवण्याची सोय त्यांनीच बघायची. तहसीलदार आपल्याच भागातले, घरात मराठी बोलणारे. हेही भाषणात नव्हतं. लेव्हीचं काम त्यांच्याकडे होतं. आणि आमचे हेडमास्तर, घाबरट पण वाईट नसलेले गृहस्थ, मागे रुमालाने मान पुसत उभे.

साहेबांनी फळ्यावरचे शब्द बघितले आणि इम्पार्शलवर बोट ठेवलं. दत्तू उठला. सूर्याचं वाक्य म्हणून दाखवलं. साहेबांनी मान तिरकी केली आणि हसून म्हणाले, "यह सूरज तो हर मदरसे में निकलता है. अपना जुमला सुनाओ." म्हणजे हा सूर्य सगळ्याच शाळांत उगवतो, तू स्वतःचं वाक्य सांग.

दत्तूने माझ्याकडे बघितलं.

इथे भिंतीवरची गोष्ट सुरू होते, म्हणून इथे मी सावकाश लिहितो. त्याने परवानगी मागितली होती. मी डोळ्याने नाही म्हटलं असतं तर त्याने बैलाचं, विहिरीचं, कशाचंही वाक्य केलं असतं. त्याला येत होतं. पण माझ्या मनात त्या क्षणी निजाम नव्हता, लेव्ही नव्हती, टेंभुर्णी तर नव्हतीच. माझ्या मनात एवढंच होतं की हैदराबादहून आलेल्या या जाणत्या माणसाला माझी रीत दिसली पाहिजे. माझं सगळ्यात चांगलं वाक्य त्याच्या कानावर पडलं पाहिजे. शेजारी तहसीलदार उभे आहेत हे मी विसरलो. विसरलो म्हणणंही खोटं. मला ते दिसत होते, पण अर्धविराम जास्त दिसत होता.

मी मान हलवली.

दत्तूने वाक्य म्हटलं. स्वच्छ, सावकाश, अर्धविरामावर दम घेऊन.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी दत्तूला विचारलं, हे तू स्वतः पाहिलंस? दत्तू म्हणाला, "जी, देखा है." साहेब म्हणाले, "जुमला दुरुस्त है." म्हणजे वाक्य बरोबर आहे. मग चष्मा लावून ते पुढच्या वर्गात गेले. तहसीलदार गेले नाहीत.

हेडमास्तरांच्या खोलीत मला बोलावलं. तहसीलदार खुर्चीवर, हेडमास्तर स्वतःच्याच खोलीत उभे. तहसीलदार मराठीत बोलले, आवाज न चढवता. "मास्तर, असलं इंग्रजी टेंभुर्णीत पिकत न्हाई. हे वाक्य कुनी शिकवलं?"

म्हणजे त्यांना मुलगा नको होता, मी हवा होतो. खरं उत्तर अगदी साधं होतं. वाक्य मुलाचं आहे, महिन्यापूर्वीचं आहे, मी ऐकलं, दुरुस्त केलं, दुसऱ्या वर्गात म्हणून दाखवलं, आणि आज मीच त्याला मान हलवून म्हणायला लावलं. एवढं बोललो असतो तर माझी नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नुसती बदली झाली असती. मुलगा वाचला असता, कारण मास्तरने सांगितलेलं करणाऱ्या मुलाला कोणी काढत नाही.

मी म्हणालो, "साहेब, हे वाक्य मी आजच पहिल्यांदा ऐकलं."

मग दत्तूला आत बोलावलं. माझं उत्तर त्याला ऐकवलं आणि विचारलं, खरं का? निम्म्या शाळेला ते वाक्य माहीत होतं. त्याने तोंड उघडलं असतं तर साक्षीला दोन तुकड्या उभ्या राहिल्या असत्या. दत्तू म्हणाला, "सर बराबर म्हन्तात. वाक्य माझंच हाय. मीच बनिवलं."

खोटं बोलणं न जमणाऱ्या त्या मुलाने सबंध आयुष्यात बोललेलं एक खोटं मला माहीत आहे. ते माझ्यासाठी होतं.

आणि अजून एक गोष्ट, जी कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी साहेबांनी मला डाक बंगल्यावर बोलावलं. समोर चहा ठेवला. ते म्हणाले, तुमच्या वर्गात मुलांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींचे जुमले बनवायचा रिवाज आहे, असं मला मुलांकडून कळलं. तुम्ही एवढंच कबूल करा की हा त्याच रिवाजातला जुमला होता, मी मुलाला परीक्षेला बसवायला सांगतो. मग म्हणाले, रिवाज चांगला आहे, मी इतर मदरशांनाही सांगणार आहे. मी ज्याच्यासाठी मान हलवली होती ती शाबासकी मला मिळाली होती, चहासकट. मी म्हणालो, "सोचके बताता हूं." त्यांनी कप खाली ठेवला. दुपारच्या गाडीने ते गेले. मी विचारच करत होतो.

दत्तूचं नाव शाळेतून काढलं. मॅट्रिकचा फॉर्म गेला नाही. संस्थानातल्या दुसऱ्या सरकारी शाळेत त्याला घेणार नव्हते. वर्गात त्याची जागा काही दिवस रिकामी राहिली, मग मुलं सरकून बसली. मी गावची वाक्यं बंद केली. पुस्तकातली वाक्यं पाठ करून घेऊ लागलो, शेठजींना आवडतील असे शब्द वाटू लागलो. निकाल पूर्वीसारखाच लागला. मला वरची श्रेणी मिळाली. मग पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, शाळेत मराठी आली, शेरवान्या ट्रंकेत गेल्या, आणि जो तो आपण पूर्वीपासून कसे विरोधात होतो ते सांगू लागला. तेव्हा कोणीतरी त्या वाक्याची आठवण काढली. मी नाही म्हटलं नाही. हळूहळू मधला दत्तू गळून पडला आणि वाक्य माझं झालं. सत्काराच्या पाहुण्यांवर मी रागावतो, पण त्यांनी काही नवीन केलं नाही. मी न बोलून जे रंगवत आणलं होतं, त्यावर त्यांनी ऑइलपेंट लावला इतकंच.

जाफराबादकडे जाणारी मोटार मी कित्येक वर्षं टाळली. भिंत रंगल्यावर मात्र बसलो.

दत्तू मोसंबीच्या रोपांना आळी करत होता. केस पांढरे, पाठ सरळ. मला त्याने लांबूनच ओळखलं. "या सर," म्हणाला, "गोड चालतं का साखर बंद हाय?" चहा झाला. मी सत्काराचं सांगितलं, भाषणाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. तो हसला.

"नातू म्हनत व्हता. शाळंच्या भितीवर लेव्हीचं वाक्य हाय म्हने. मला वाटलं, दुसरं आसंल."

मी म्हणालो, दत्तू, माझं नाव पुसून तिथे तुझं घालायला लावतो. त्याशिवाय मी राहणार नाही.

"माझं कशाला?" तो म्हणाला. "मी नुस्तं पाह्यलं. ज्वारी गेल्ती गोदाकाकूची."

"गोदाकाकू कोण?"

त्याने खुरपं खाली ठेवलं. "सर, तुमी तव्हा बी इचारलं न्हाई."

मग त्याने सांगितलं. गोदाकाकू त्याच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची. नवरा प्लेगात गेलेला. घरात एक दीर, भिका, जन्माचा आंधळा. आंधळ्याच्या वाटणीची ज्वारी वेगळ्या कणगीत असायची, कारण भिकाला आपलं आपल्याला कळायला हवं असे. लेव्हीची माणसं आली तेव्हा आधी गोदाकाकूची कणगी उपसली. मग भिकाच्या कणगीकडे वळली. भिकाने त्यांना अडवलं नाही. तो कणगीशी बसला आणि दाण्यांत हात घालून बसून राहिला. माणसं उपसत गेली तसा त्याचा हात खाली खाली जात होता. शेवटी खांद्यापर्यंत आत गेला, आणि बुडाला लागला तेव्हा तो म्हणाला, "झालं का?"

"मी दारात उभा व्हतो," दत्तू म्हणाला. "तुमचा शब्द डोक्यात व्हता. मंग शनिवारी तुम्हाला सांगितलं. वाटलं, तुमी शिकलेले, शेरवानीवाले, कुठंतरी सांगताल. तुमी म्हनले, शाबास."

मी विचारलं, त्यांचं पुढे काय झालं?

"पेरायला काय राह्यलं न्हाई. काकू भावाकडं गेली नांदेडकडं. भिकाला कोन नेतंय? गावानं खाऊ घातलं जमंल तवर." त्याने खुरपं उचललं. "आन् तुमी आता वाक्य कुनाचं ह्याच्यावर भांडून राह्यले."

मी त्याला विचारलं, माझा राग येतो का? तो म्हणाला, "येतो की. न्हाई कसा? बाप मरेपर्यंत माझ्याशी धड बोलला न्हाई. पर तुमी मान हलिवली ना, तव्हा मला लई बरं वाटल्तं. ते बी खरंय." मग मोटारीची वेळ झाली म्हणून त्याने मला फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत आम्ही मोसंबीविषयी बोललो.

परत आल्यावर मी पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांना गोदाकाकू आणि भिकाची गोष्ट सांगितली. ते फार हेलावले. म्हणाले, सर, हेही भिंतीवर घेऊ, तुमच्या नावाखाली.

म्हणून हे सगळं इथे लिहिलं. शाळेने ऐकलं नाही तरी जालन्यातली, टेंभुर्णीतली माणसं वाचतील आणि जिन्याने जाता येता भिंतीकडे बघून खरं काय ते सांगतील. जे शिक्षक आजही मुलांकडून शब्द पाठ करून घेतात, त्यांना माझी ती जुनी रीत वापरायची असेल तर जरूर वापरावी. फक्त मूल वाक्य घेऊन आलं तर आधी विचारावं, कोण होती ती माणसं. अर्धविराम नंतर घालता येतो.

आणि मुख्याध्यापक साहेब, माझ्या वर्गाचा नियम एकच होता. वाक्यातली गोष्ट ज्याने डोळ्यांनी पाहिली त्यालाच ते वाक्य म्हणता येत असे. टेंभुर्णीच्या गोदाबाईची ज्वारी जाताना मी पाहिली नाही. भिकाचा हात कणगीच्या बुडाला लागताना मी पाहिला नाही. ते पाहणारा दारात उभा होता, आणि त्याला मी वर्गाबाहेर काढू दिलं. ते वाक्य मला म्हणताही येत नाही. माझं नाव पुसा.